पाटीमागची खिडकी

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, दाढेच्या ठणक्याने बेजार होऊन मी मिरजेतील माझ्या एका दंतवैद्य स्नेह्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो होतो. १९७६ साली त्यांनी हा दवाखाना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मांडला, आणि तेव्हापासून जत, कवठे महांकाळ, अथणी अशा दूरदूरच्या गावांहून रोगी येथे येत आले आहेत. अलीकडे सार्वजनिक दंतआरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या त्यांच्या सूनबाई त्यांच्या जोडीने काम पाहतात, आणि कारभाराच्या किल्ल्या हळूहळू त्यांच्या हाती जात आहेत.

बाहेरची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. भिंतींना लागून दोन बाके, कोपऱ्यात नोंदवही सांभाळणाऱ्या मावशींचे टेबल, वर गुणगुणत असलेला एसी. रस्त्याच्या अंगाला एक प्रशस्त खिडकी आहे. परंतु डॉक्टरांच्या नावाची पत्र्याची मोठी पाटी बाहेरून तिच्यावरच ठोकलेली असल्यामुळे तिचे अस्तित्व आतल्या माणसाला केवळ चौकटीवरून कळते. मावशी धरून आम्ही नऊ जण त्या खोलीत होतो. माझ्या समोर सुजलेल्या गालावर पदर धरून एक म्हातारी आजी खोकत होत्या, आणि त्यांच्या शेजारी आईच्या मांडीवर दोनतीन वर्षांचे एक मूल पेंगत होते. सूनबाई आतून आल्या, मावशींच्या टेबलावर ठेवलेल्या तळहाताएवढ्या एका यंत्राकडे त्यांनी पाहिले, आजींपाशी वाकून चारदोन शब्द बोलल्या, त्यांना एक मास्क दिला आणि हाताला धरून मागच्या सज्जावर नेऊन खुर्चीवर बसवले. डॉक्टरांनी हे दारातून पाहिले. रोग्यांसमोर ते काही बोलले नाहीत. पण त्यांना ते रुचले नाही हे इतक्या वर्षांच्या सहवासामुळे मला तत्काळ कळले. शेवटचा रोगी गेल्यावर, माझ्या दाढेचा बंदोबस्त झाल्यावर आणि मावशींनी चहा ठेवल्यावर जो वाद झाला, तो येथे शक्य तितक्या विश्वासाने नमूद करीत आहे.

"रोग्याला दाराबाहेर बसवण्याचा शिरस्ता या दवाखान्यात कधी नव्हता," हात पुसत डॉक्टरांनी आरंभ केला.

"बाबा, आजींना मी बाहेर घालवले नाही, मोकळ्या हवेत बसवले."

"तुझ्या लेखी फरक आहे, बसणाऱ्याच्या लेखी नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात वैद्यांच्या ओसरीच्या खाली, अंगणात, काही माणसांना उभे राहावे लागे आणि औषधाची पुडी वरून त्यांच्या ओंजळीत टाकली जाई. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दवाखाना काढला तेव्हा एकच गोष्ट मनाशी मुक्रर केली होती, की येथे जो येईल तो या बाकावर बसेल. कोणाला वेगळी जागा नाही. आज त्या आजींना उठवून नेताना उरलेल्या आठ जणांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला ओळखीची आहे."

सूनबाई क्षणभर स्तब्ध राहिल्या. विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्याला ज्या आक्षेपाची तयारी सहसा नसते, असा हा आक्षेप होता. आणि त्याला आकड्यांनी उत्तर देण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला त्यांच्या समंजसपणाचे लक्षण वाटले.

"ते मला त्या वेळी सुचले नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलाशेजारी त्यांना बसू द्यायचे होते का?"

"खोकला काय पावसाळ्यात कोणाला नसतो? आणि खरा धोका जेथे आहे तेथे आपण काय कमी करतो? दात कोरणारा एअररोटर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेतो, त्याच्या पाण्याचा फवारा रोग्याच्या तोंडातून उसळतो. स्केलिंगच्या यंत्राचे तेच. म्हणून तर दाताभोवती रबराचा पडदा, रबर डॅम, लावायचा. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने १८६४ साली तो काढला, आणि अजून निम्म्या दवाखान्यांत त्याचे डबे धूळ खात पडले असतील, येथे नाही. फवारा उसळताच ओढून घेणारे मोठ्या तोंडाचे सक्शन मी कर्ज काढून बसवले. प्रत्येक रोग्यामागे हँडपीस ऑटोक्लेव्हमध्ये जातो. कामापूर्वी पोव्हिडोन आयोडीनची चूळ, तोंडावर मास्क, डोळ्यांवर शील्ड. आणखी काय हवे?"

"यातले काहीही सोडा असे मी म्हणणार नाही. आयोडीनच्या चुळीने लाळेतले विषाणू काही वेळापुरते कमी होतात, हेही खरे. पण माणूस श्वास घशातून आणि छातीतून सोडतो. तेथे चूळ पोचत नाही."

"मग दुसरा दाखला ऐक." डॉक्टर वाचणारे आहेत, आणि वयाबरोबर त्यांचे वाचन आटलेले नाही. "२०२० साली आपला धंदा सर्वांत धोक्याचा ठरवला गेला. मार्चअखेरीस टाळेबंदी झाली. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला, की जेथे साथ पसरली आहे तेथे तातडीचे नसलेले काम पुढे ढकलावे. माझ्या ओळखीच्या कितीतरी तरुण दंतवैद्यांना हप्ते भरणे अशक्य झाले. आणि प्रत्यक्षात काय आढळले? अमेरिकेत त्या जूनमध्ये दंतवैद्यांची पाहणी झाली, तेव्हा लागण झालेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के निघाले. ओहायोतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये तर फवाऱ्यातले जंतूच तपासले: बहुतेक यंत्राच्या पाण्यातले, लाळेचा वाटा अगदी अल्प, आणि काही रोग्यांच्या लाळेत करोनाचा विषाणू असूनही फवाऱ्यात तो सापडला नाही. मग खुर्चीचे भय कशाला?"

"बाबा, हा दाखला तुम्ही मांडलात हे बरे झाले, कारण तो माझ्या बाजूचा आहे," सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात विजयापेक्षा कळकळ अधिक होती. "ते दंतवैद्य बचावले ते मास्क बांधून, रोगी मोजके घेऊन, गर्दी टाळून, म्हणजे काळजीने बचावले. आणि फवारा आपल्याला वाटला तेवढा दोषी नसेल, तर उरते काय? उरतो माणसाचा साधा श्वास, बोलणे, खोकणे. खुर्चीवर रोग्याचे तोंड उघडे असते हे खरे, पण त्यात सक्शनची नळी असते, तो बोलत नाही, आणि वीस मिनिटांत उठून जातो. बाकावर तोच माणूस तास तास बसतो, शेजाऱ्याशी पीकपाण्याच्या गोष्टी करतो, मास्क कोणाच्याच तोंडाला नसतो. आपण खुर्चीभोवती तटबंदी केली आणि वेस उघडी ठेवली."

हे वाक्य ऐकून डॉक्टरांनी पेला खाली ठेवला.

यापुढे सूनबाईंनी जे सांगितले त्यातील पुष्कळ भाग मला नवीन होता. माणसाच्या तोंडातून उडणारे तुषार रोगजंतू वाहून नेतात, हे ब्रेस्लाऊच्या कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९७ च्या सुमारास दाखवले, आणि मोठे तुषार थोड्याच अंतरावर खाली पडतात या समजुतीवर पुढची कित्येक दशके सारा बंदोबस्त उभारला गेला. १९३४ साली विल्यम वेल्स या अमेरिकन अभ्यासकाने असे दाखवले, की बारीक थेंब जमिनीवर पोचण्यापूर्वीच वाळतात आणि त्यांचा उरलेला सूक्ष्म गाभा बंद खोलीत धुरासारखा तरंगत राहतो. परंतु वैद्यकाने क्षय, गोवर अशा काही रोगांपुरतेच ते मनावर घेतले. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेतून लागण होऊ शकते, हे पाठ्यपुस्तकांत असते. करोनाच्या बाबतीत मात्र मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो हवेतून पसरत नाही असे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षीच्या वसंतापर्यंत तिला ते विधान बदलावे लागले. मधल्या काळात अवघे जग हात, पिशव्या आणि दारांच्या कड्या धूत राहिले.

"फरशी पुसू नये असे मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण दिवसातून चार वेळा फरशी पुसणाऱ्या घरात हवा एकदाही बदलत नाही, याचे मला वाईट वाटते."

"हवा बदलत नाही कशी? एसी दिवसभर चालतो."

"बाबा, भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो."

डॉक्टरांनी वर पाहिले. सुशिक्षितांतही हा गैरसमज किती रुजलेला आहे, हे मी स्वतःवरून जाणतो. थंड हवा म्हणजे ताजी हवा अशी जिभेची आणि त्वचेची साक्ष असते आणि आपण ती तपासून पाहात नाही. सूनबाईंनी मग ते लहान यंत्र आमच्यापुढे ठेवले. ते हवेतला कर्बद्विप्राणिल वायू मोजते. संध्याकाळी आम्ही नऊ जण बसलो असताना त्यावर २,०२० हा आकडा होता. उघड्या हवेत तो सुमारे ४२० असतो. दहा लाख भागांत इतके भाग, असा त्याचा अर्थ. माणूस सोडतो त्या श्वासात हे प्रमाण सुमारे ४०,००० असते. "म्हणजे बाहेरच्यापेक्षा १,६०० अधिक. चाळीस हजारांत सोळाशे, म्हणजे शेकडा चार. काका, त्या बाकावर तुम्ही घेतलेल्या दर पंचवीस श्वासांमागे एका श्वासाइतकी हवा कोणाच्या तरी छातीतून आधीच जाऊन आलेली होती."

हे ऐकताना माझ्या छातीत नकळत एक दीर्घ श्वास भरला गेला आणि तेथेच अडला.

"पण हा वायू म्हणजे विषाणू नव्हे," डॉक्टर म्हणाले. "त्या नऊ जणांत एकही आजारी नसता तरी आकडा हाच आला असता. यावरून काय सिद्ध होते?"

"रोग काहीच सिद्ध होत नाही. एवढेच कळते, की कोणी आजारी असलाच तर त्याचा श्वास बाकीच्यांत किती वाटला जाईल. आणि आजारी कोण हे आपल्याला कधी आधी कळते? फ्लू काय, करोना काय, लक्षणे दिसण्यापूर्वीच माणूस तो देऊ लागतो. खोकणाऱ्या आजी निदान दिसल्या तरी."

येथे मला बोलल्याशिवाय राहवले नाही. माझी नोकरी एका नगरपालिकेत, इमारतींच्या परवानग्या देणाऱ्या शाखेत झाली. खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने खिडकी किती असावी याची मोजमापे हवामानाप्रमाणे राष्ट्रीय इमारत संहितेत नेमून दिलेली आहेत. कोरड्या उष्ण प्रदेशात एक दशांश, दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तर समोरच्या इमारतीची उंची खिडकीतल्या उजेडाच्या आड येऊ नये म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा कोनच मुक्रर केला होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे येतो, उजेडवाऱ्याच्या अभावाने नव्हे, हे पुढे स्थिरावले. तरी त्या नियमाने जे वारे चाळींत शिरले त्याचा लाभ क्षयाच्या काळात किती कुटुंबांना झाला असेल! मी नकाशावर खिडक्या मोजल्या, शिक्के मारले, आणि इमारत पुरी झाल्यावर त्या खिडक्यांचे काय झाले हे पाहायला एकदाही परत गेलो नाही. पाट्या, कपाटे, एसीचे डबे आणि प्लायवूडची दारे यांनी गावोगावच्या किती खिडक्या बुजल्या असतील याचा विचार त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आला आणि तो सुखाचा नव्हता.

"ती पाटी एसी बसवला तेव्हाची," डॉक्टर हळूच म्हणाले. "१९९८. खिडकीचे काम संपले असे वाटले." मग जरा सावरून: "पण खिडकी उघडली तर धूळ येईल, डास येतील, पावसाचा झोत येईल. एप्रिलमध्ये बेचाळीस अंशांत रोग्यांना भाजत ठेवू का?"

"जाळी लावू, वर छज्जा काढू. एसी चालू असतानाही खिडकी चार बोटे उघडी ठेवता येते. बिल थोडे वाढेल, तेवढे वाढू द्यावे. आणि आतल्या खोलीत मागच्या भिंतीला बाहेर हवा फेकणारा पंखा लावू, म्हणजे वारा बाकाकडून खुर्चीकडे आणि खुर्चीकडून बाहेर जाईल, उलटा येणार नाही. ही खोली दहा फूट उंच धरली तर बाराशे घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलली, तर तरंगणाऱ्या कणांतले शंभरातले नव्व्याण्णव शेहेचाळीस मिनिटांत निघून जातात. दोनच वेळा बदलली, तर त्यालाच दोन तास अठरा मिनिटे लागतात. आज आपल्याकडे दोन वेळासुद्धा बदलत नसेल. जेथे खिडकीच नाही, भोवती भिंतीच आहेत, तेथे हेपा गाळणीचे यंत्र ठेवावे. ते हवा ताजी करत नाही, म्हणून या मापकावरचा आकडाही उतरत नाही, पण कण गाळते. आपल्याकडे देवाने खिडकी दिली आहे."

डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी अनपेक्षितपणे विषय बदलला, निदान मला तसे वाटले. "मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा उघड्या हातांनी दाढा काढत असे. आम्ही सगळेच. रक्त नखांत जाई, साबणाने धुतले की झाले. १९८६ मध्ये मद्रासला एड्सच्या विषाणूची लागण झालेली पहिली माणसे सापडल्याचे वाचले. १९९० मध्ये बातमी आली की फ्लॉरिडात एका दंतवैद्याकडून रोग्याला लागण झाली असावी. तेव्हा मी हातमोजे मागवले. पहिला महिनाभर वाटे, बोटे आंधळी झाली. मुळाचा वाक हाताला लागेना. एक ज्येष्ठ दंतवैद्य म्हणाले, रोग्याला वाटेल तुम्ही त्याची किळस करता. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काही रोग्यांना तसे वाटलेही."

"मग?"

"मग सर्वांनाच हातमोजे. ब्राह्मण असो, बागवान असो, आमदार असो. एकालाच घातले असते तर अपमान होता. सर्वांना घातल्यावर तो रिवाज झाला."

"बाबा, मी हेच म्हणते आहे," सूनबाई म्हणाल्या. "सज्जावर एकाच आजींना बसवणे चुकले, हे मला आता पटते. पण सज्जाची हवाच आत आणली, तर कोणालाच उठवावे लागणार नाही."

माझ्या मते वाद येथेच मिटला होता. उरला होता तो तपशील, आणि त्यात दोघेही सहजासहजी मागे हटणारे नव्हते. सूनबाईंची तजवीज अशी होती, की वेळ ठरवताना मावशींनी दूरध्वनीवर ताप-खोकल्याची विचारणा करावी आणि ज्यांचे काम थांबण्याजोगे आहे त्यांना आठवड्यानंतरची वेळ द्यावी. डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली: ज्याला वेळ गमावण्याचे भय आहे तो खोकला लपवील, आणि जतहून एसटीने आलेल्या माणसाला परत पाठवणे हे त्यांच्याने होणार नाही. अखेर असे ठरले, की दुखणे घेऊन आलेल्या कोणालाही परत पाठवायचे नाही, खोकणाऱ्याला शेवटची वेळ द्यायची, आणि शक्य तेथे त्याच्यावर एअररोटर चालवायचा नाही. त्या संध्याकाळी आजींचे तसेच झाले होते: सर्वांच्या शेवटी, सूनबाईंनी पू मोकळा केला, दाढ चिमट्याने काढली, आणि यंत्राला हात लावला नाही. हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून दात भरण्याची जी पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विजेविना काम करताना रूढ झाली, ती विजेच्या दवाखान्यातही किती उपयोगी आहे, याविषयी त्या उत्साहाने बोलू लागल्या. डॉक्टरांना मात्र अशा भरण्याच्या टिकाऊपणाविषयी शंका आहे, आणि ती त्यांनी मागे घेतली नाही.

मास्कचा प्रश्न निघाला तेव्हा सूनबाईंनी सासऱ्यांच्या चष्म्याकडे पाहिले. "दुपारी तुमच्या काचा धुकटतात आणि तुम्ही मनगटाने पुसता. ती वाफ वरच्या कडेतून निसटलेला तुमचाच श्वास आहे. जेथून तो बाहेर जातो तेथूनच दुसऱ्याचा आत येतो. तिपदरी मास्क शिंतोडे अडवतो. श्वास अडवायला एन-९५ हवा, आणि तो चेहऱ्याला चिकटून बसायला हवा." डॉक्टरांनी चष्मा काढून काचा निरखल्या, जणू त्यावर काही लिहिलेले होते.

सर्वांत अखेरची गोष्ट सूनबाईंनी बोलायची ठेवली होती, की ती सहज निघाली, मला सांगता येणार नाही. त्यांनी मावशींचा हजेरीपट उघडला. रोगी तासाभराने जातात, डॉक्टर आत असतात. त्या खोलीत सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत, सुती रुमाल तोंडाला बांधून, बसते ती एकच व्यक्ती. गेल्या दोन वर्षांत ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी या महिन्यांत मावशींच्या नावापुढे 'ताप', 'ताप', 'खोकला', 'ताप' अशा नोंदी डॉक्टरांच्याच अक्षरात होत्या. याला पुरावा म्हणता येत नाही. हे फ्लूचे हंगाम आहेत आणि मावशींना तो घरीही मिळाला असेल. पण डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचले.

"मावशी," त्यांनी हाक मारली, "तुम्ही फ्लूची लस घेतली का हो कधी?"

"नाही बा," दारातून उत्तर आले. "मला कोण देणार?"

डॉक्टर उठले. पावसाचा जोर ओसरला होता. त्यांनी एसी बंद केला, बाहेरच्या खोलीच्या खिडकीची कडी काढली आणि तावदान ढकलून पाहिले; ते चार बोटे उघडले आणि पत्र्याला लागून थांबले. त्या फटीतून ओल्या रस्त्याचा वास आत आला.

"मावशी, उद्या सकाळी सुताराला निरोप धाडा. पाटी काढून जिन्याच्या भिंतीला लावायची. आणि येथे छज्जा हवा, चांगला दोन फुटांचा. पाणी बाकावर येता कामा नये." मग सूनबाईंकडे वळून: "आजींना पुन्हा कधी बोलावले आहेस?"

"परवा, गाल पाहायला."

"परवापर्यंत पाटी निघेल. त्यांना येथे बसव," ते म्हणाले, आणि खिडकीखालच्या बाकाचे टोक त्यांनी हाताने झटकले.